आमच्या शाळेचा पट अकरा. शाळा सुधारायच्या तर सुरुवात कुठून करायची?

येरळाकाठ (सोमवार, रात्री ९.२०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची गरज पडली.

खटाव तालुक्यातल्या आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट अकरा. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, धाकटी लेक त्याच शाळेत तिसरीला. येत्या रविवारी पालकांची बैठक आहे. शाळा इथंच राहू दे असा ठराव द्यायचा, की चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत पोरं पाठवायला राजी व्हायचं, हे ठरवायचंय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायची चर्चा राज्यात २०२३ पासून चालू आहे. तिचं वारं आमच्यापर्यंत आत्ता पोचलंय.

बैठकीआधी मी दोन दिवस वर्गात मागं सतरंजीवर बसून राहिलो. चारही इयत्ता एका खोलीत. गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले, बाई एकट्या. परिपाठ झाला, हजेरी झाली आणि फोन वाजला. बाराच्या आत कसलीशी माहिती भरून हवी होती. वर्गात रेंज नाही म्हणून बाई पारावर गेल्या. परत आल्या तर खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे, चव नोंदवहीत सही करायची, फोटो पाठवायचा. मग तिसरी-चौथीला गणितं घातली. पहिलीतल्या एका पोराला सकाळी ‘ग’ गिरवायला दिला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं गिरवून गिरवून पाटी पांढरी केली. ‘ग’ कशातला, हे त्याला विचारायला कुणाला वेळच झाला नाही.

दुसरीतल्या पोरीनं धडा घडाघडा म्हणून दाखवला. मी मधल्याच एका ओळीवर बोट ठेवलं तर ती गप्प झाली. धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. हे आमच्या एकट्या वाडीचं नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला.

माझं मत असं झालंय की देशातल्या शाळा सुधारायच्या तर बोर्ड, पुस्तकं, गणवेश हे सगळं मागाहून. आधी पहिली तीन वर्षं धरा, पोराला वाचता येऊ दे, आणि त्यासाठी बाईंना वर्गात राहू द्या. आणि सुरुवात आमच्यासारख्या सगळ्यात लहान शाळेपासून करा. तुम्हाला काय वाटतं? मला रविवारी लोकांपुढं बोलायचंय, म्हणून मनापासून विचारतोय.

फळा_खडू (सोमवार, रात्री १०.०५)

येरळाकाठ, तुम्ही दोन दिवस वर्गात बसलात यासाठी आधी तुमचे आभार.

मी पाटण तालुक्यात १९ वर्षं शिकवतेय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढा आणि कलम २७ वाचा. दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्या तर शिक्षकाला दुसरं बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. मतदारयादी निवडणुकीत मोडते, म्हणून बीएलओची, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्याची, पिशवी आमच्या खांद्यावर असते. पण खरं सांगू का, निवडणुकीचं काम दिसतं तरी. आम्हाला खातं ते रोजचं बारीक काम. यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, आधार जुळणी, पोषण आहाराची नोंद, झाडं लावल्याचे फोटो, दिंडीचे फोटो, स्पर्धेचे फोटो. प्रत्येक काम ‘दहा मिनिटांचं’ म्हणून येतं. पहिलीच्या पोराचं मन बसायलाच दहा मिनिटं लागतात. ते बसतं न बसतं तोच फोन वाजतो.

मटकीची_उसळ (सोमवार, रात्री ११.३०)

धागा महत्त्वाचा आहे. वाचतेय.

बेदाणा (मंगळवार, सकाळी ७.१५)

मी तासगावचा, द्राक्षबागायतदार. तुमचं दोघांचंही पटलं, पण एक बाजू राहतेय.

माझ्या गल्लीत जिल्हा परिषदेचे चार शिक्षक राहतात. एकाचंही पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही. सकाळी सातला पिवळी बस येते, तिच्यात त्यांची पोरं चढतात आणि माझंही चढतं. परवा बागेतल्या गड्यानं मला विचारलं, ‘मालक, शाळा चांगली असती तर गुरुजींची पोरं तिथंच नसती का?’ मला उत्तर देता आलं नाही.

कामाचा बोजा आहे, मान्य. पण बोजा नसतानाही न शिकवणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना जाब कोण विचारणार? वर्षातून एकदा बाहेरच्या माणसानं परीक्षा घ्यावी आणि निकाल शाळेच्या भिंतीवर लावावा. लोकांना कळू दे.

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ८.४०)

बेदाणा +१. आणि ती ढकलगाडी बंद करा. आमच्या वेळी चौथीत नापास होता येत होतं, म्हणून तिसरीत पुस्तक उघडत होतो.

हळकुंड (मंगळवार, सकाळी ९.१०)

कृष्णाकाठ, ढकलगाडी पूर्वीसारखी राहिलेली नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात.

मी सांगलीत घरी शिकवण्या घेते, म्हणून अनुभवातून बोलते. पाचवीत नापास झालेलं पोर माझ्याकडं येतं तेव्हा त्याचं अडलेलं असतं पहिलीतलं. काना-मात्रा पक्क्या नसतात. विज्ञानाचा प्रश्न त्याला वाचताच येत नाही, मग उत्तर कुठून येणार? दोन महिन्यांत चार वर्षांचं कसं भरून काढू? परीक्षा हवीच, पण ती दुसरीत हवी, तोंडी हवी, आणि त्यात नापास कुणी व्हायचं नाही. कोण कुठं अडलंय एवढंच कळायला हवं.

फळा_खडू (मंगळवार, दुपारी १.५०)

बेदाणा दादा, माझा मुलगा माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला. पण तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो आम्हाला लागतो. आमच्यातल्या ज्यांनी पोरं बसमध्ये बसवली त्यांनी गावाचा विश्वास घालवला, हे मी शिक्षक संघटनेच्या बैठकीतही बोललेय.

निकाल भिंतीवर लावायला मात्र माझा विरोध. पट अकराचा असला की भिंतीवर टक्केवारी राहत नाही, पोराचं नाव राहतं. दुसऱ्या दिवशी ते पोर शाळेत येत नाही.

अजिंक्यतारा (मंगळवार, रात्री ८.३०)

मी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. सुधारणा कशी होते आणि कशी विरते, हे मी एकाच जिल्ह्यात पाहिलं, ते सविस्तर लिहितो.

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) तुमच्यातल्या शिक्षकांना माहीत असेल. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकायच्या, पद्धतीनं काम उभं केलं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला येत. मीही गेलो होतो. पोरं जमिनीवर गटागटानं बसलेली. कुणाच्या हातात चिंचोके, कुणाकडं दहा-दहा काड्यांचे गठ्ठे, कुणापुढं शब्दपट्ट्या. एक पोरगी बत्तीसमधून सतरा वजा करत होती. तिनं दशकाचा एक गठ्ठा उचलला, त्याचं रबर काढलं, काड्या मोकळ्या केल्या आणि बारातून सात बाजूला ठेवल्या. हातचा म्हणजे काय ते तिच्या हातात होतं. बाई जवळ बसून बघत होत्या, मधे बोलल्या नाहीत. मी इतकी वर्षं ‘शेजारून एक उसना घे’ असं शिकवत आलो होतो आणि पोरं विचारायची, गुरुजी परत कधी द्यायचा?

२२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. हेतू चांगला होता आणि काही ठिकाणी कामही चांगलं झालं. पण आमच्या भागात काय पोचलं ते सांगतो. रंग पोचला. लोकवर्गणी निघाली, पेंटर ठरले, फरशीवर अंकांचे पट, आकड्यांचे साप आणि अक्षरांची फुलं उमटली. मी भेटीच्या शेऱ्यात ‘फरशी रंगवून घ्यावी’ असं लिहिलंय, माझ्या सहीनिशी. रबर काढून गठ्ठा मोकळा करायला पोराला वेळ मिळतो का, हे मी विचारायला हवं होतं. मी ते विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कुमठ्यात ते कामातून उगवलं होतं. शिक्षक एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचे, अडलेलं बोलायचे. आमच्याकडं ते कागदावरून आलं आणि कागदापुरतंच राहिलं. येरळाकाठ, तुम्ही वर्गात मागं बसून जे पाहिलंत तिथूनच खरी सुधारणा सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

मटकीची_उसळ (मंगळवार, रात्री ९.००)

‘परत कधी द्यायचा’ हा प्रश्न मीही विचारला होता सर, आणि छडी खाल्ली होती.

हळकुंड (मंगळवार, रात्री ९.४५)

अजिंक्यतारा सर, वाचून गलबललं. आपल्याच जिल्ह्यांतून राज्यानं बघावं असं काम होतं याचं मला कौतुक वाटतं. फलटणचं कमला निंबकर बालभवनही मराठी वाचन कसं शिकवावं यावर कित्येक वर्षं काम करतंय.

माझ्यापुरतं सांगते. बाराखडी पुरी व्हायची वाट बघायची नाही. चार-पाच अक्षरं आणि एक काना आला की लगेच शब्द. ग, म, न, ल आणि काना: गाल, मान, माल, लाल. पोराला पहिल्याच आठवड्यात ‘मी वाचलं’ असं वाटलं पाहिजे. गिरवणं त्यानंतर.

फडावरची_शाळा (बुधवार, दुपारी २.२०)

वाळवा तालुक्यात ऊसतोड टोळ्यांच्या पोरांबरोबर काम करतो. या धाग्यावर आमची पोरं आली नाहीत म्हणून लिहितोय.

दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात, बीडकडून, आपल्या जतमधून, माणमधून. कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. आई-बाप पहाटे फडात, आणि नऊ-दहा वर्षांची पोरगी धाकट्याला काखेत घेऊन कोपीवर. मागच्या हंगामात अशी एक होती. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायचं काम तिच्याकडं. शेकड्याचा भाव सांगितला की पावणेदोनशे पेंढ्यांचे पैसे ती तोंडी सांगायची, गिऱ्हाईक मोबाईलवर हिशेब करेपर्यंत. तिला जवळच्या शाळेत नेऊन बसवलं. कागदावर वजाबाकी आली आणि ती पाय दुमडून गप्प बसली. चिन्हच ओळखीचं नव्हतं.

पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर जवळच्या नेहमीच्या शाळेत दाखल करायचं धोरण आलं. गावाकडं मुलांसाठी हंगामी वसतिगृहंही असतात. पण ज्या घरात धाकटं पोर सांभाळायला दुसरं कुणी नाही त्या घरातली थोरली वसतिगृहात राहत नाही, ती फडावरच येते. हंगाम संपून टोळी परत गेली की गावच्या शाळेत वर्ग पुढं निघून गेलेला असतो.

येरळाकाठ, तुमच्या अकरांत अशी किती आहेत? शाळा चार किलोमीटर लांब गेली तर पहिली गळणार ती हीच.

येरळाकाठ (बुधवार, रात्री ९.१५)

तीन. मी हे आकड्यात कधी धरलंच नव्हतं. पाठ म्हणून दाखवणारी पोरगी त्यातलीच एक आहे.

जतकर (गुरुवार, सकाळी ७.५०)

फडावरची_शाळा यांच्या त्या पोरीवरून माझंच आठवलं. आमच्या जतच्या पूर्व भागात घरात कन्नड. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलो आणि आठवीला मराठी शाळेत आलो. ‘वजाबाकी’ हा शब्द तिथं ऐकला. आमच्याकडं ‘कळेयुव लेक्क’. हिशेब पक्का होता, शब्द नवा होता, आठ दिवसांत बसला. आधी घरच्या भाषेत हिशेब पक्का झाला नसता तर मराठीतही आला नसता.

म्हणून २०२५ मध्ये तिसऱ्या भाषेवरून जे झालं त्याचा मला मनस्ताप झाला. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा निर्णय, जूनमध्ये त्यात बदल, २९ जूनला निर्णय मागं आणि नरेंद्र जाधव समिती. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातच लिहिलंय की निदान पाचवीपर्यंत शक्य तिथं मातृभाषेत शिकवा. आधी ती एक भाषा नीट वाचता येऊ दे की.

कृष्णाकाठ (गुरुवार, सकाळी ८.१०)

भाषेचं मान्य, पण आईबापाला इंग्रजी हवंय, त्याचं काय? पोरगं पुण्यात मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न इंग्रजीत येतो. वाडीतल्या माणसानं पोटाला चिमटा काढून फी भरली तर त्याला दोष देऊ नका.

कराड_ते_तुर्कू (गुरुवार, रात्री ११.४०)

मी कराडची, आठ वर्षं फिनलंडमध्ये आहे, मुलगा इथल्या शाळेत जातो. फिनलंडचं कौतुक तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय: सातव्या वर्षी पहिली, शाळा संपेपर्यंत बोर्डाची परीक्षा नाही, १९७९ पासून वर्गशिक्षकाला पदव्युत्तर पदवी. ते सोडून मला एकच गोष्ट सांगायचीय, कारण ती मूळ प्रश्नाशी जुळते.

इथंही पूर्वी दहा-अकरा वर्षांच्या पोरांची दोन वाटांवर विभागणी व्हायची. सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा द्यायचं ठरलं तेव्हा ती योजना राजधानीत सुरू झाली नाही. १९७२ मध्ये अगदी उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरू झाली आणि खाली सरकत सरकत १९७७ मध्ये हेलसिंकीच्या भागात पोचली. बर्फातली, विरळ वस्तीची गावं आधी आणि शहर शेवटी. येरळाकाठ दादांनी खटावमधल्या सतरंजीवर बसून तेच म्हटलंय.

बेदाणा (शुक्रवार, सकाळी ६.५०)

ताई, माहिती चांगली दिलीत. पण त्यांच्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या एक-दोन जिल्ह्यांएवढी. पैसा कुठून आणायचा?

हळकुंड (शुक्रवार, सकाळी ९.३०)

बेदाणा दादा, पैशाचं उत्तर साठ वर्षं कागदावर पडून आहे. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. शेजारशाळेची कल्पनाही त्याच अहवालात आहे: एका वस्तीतली सगळी पोरं, मालकाची आणि गड्याची, एकाच शाळेत. २०२० च्या धोरणानंही तेच ६ टक्के पुन्हा लिहिले.

तुमच्या गड्याच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या शेजारशाळेत दिसतं.

वडाची_पारंबी (शुक्रवार, रात्री ८.००)

आजोबा साताऱ्यात धनिणीच्या बागेतल्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आजोबा सांगायचे, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, स्वतः भाकरी थापायची.

त्याआधी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं जोतीराव फुल्यांनी मागितलं होतं की निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि शिक्षकाला किमान बारा रुपये पगार द्या. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे येरळाकाठ, तुमच्याच तालुक्यातलं. रविवारी हे लोकांना सांगा.

फळा_खडू (शनिवार, दुपारी ३.१०)

मी एक कडू बोलते, राग मानू नका. लहान शाळा वाचवायची म्हणताना पोराच्या बाजूनंही बघा. माझ्या शाळेत चौथीत एकच मुलगी आहे. तिच्याशी भांडायला तिच्या वयाचं कुणी नाही. खो-खोचा संघ होत नाही. मोठ्या शाळेत तिला मैत्रिणी मिळतील, हे मला रोज दिसतं.

तरीही मी समूह शाळेला हो म्हणत नाही, कारण नियमानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. त्यापेक्षा लांब गेली तर गाडी हवी. आमच्या डोंगरात जून ते सप्टेंबर गाडी कुठवर येते ते मला ठाऊक आहे. तुम्ही बैठकीत गाडीचं लेखी मागा. आणि ठराव काहीही झाला तरी आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेत पोरं न्या, खेळायला.

येरळाकाठ (रविवार, रात्री १०.१५)

मंडळी, बैठक झाली. नऊ घरांपैकी सात आली, आया जास्त होत्या. मी कटगुणचं सांगितलं, लॅपलंडचं सांगितलं आणि फडावरच्या त्या पोरीचं सांगितलं. गाडीचा विषय निघाला तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, ‘गाडी येईल रं, पण वढ्याला पाणी आल्यावर ती पल्याडच हुबी ऱ्हाईल.’ त्यावर कुणी बोललं नाही.

ठराव झाला: शाळा इथंच. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरल्या, त्या तुमच्यामुळं. सकाळी अकरा ते साडेबारा बाईंचा फोन पेटीत. त्या वेळात माहिती मागणाऱ्यांशी मी बोलायचं, लागलं तर तसं लेखीही देणार. तांदूळ मोजायला आणि चव बघायला रोज एक पालक. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक पोर आपल्या आईबापासमोर न पाहिलेलं एक पान वाचेल. बेदाणा दादा, भिंतीवर काही लागणार नाही, पण लोकांना कळेल. दर शुक्रवारी खो-खोला मोठ्या शाळेत न्यायचंही ठरलंय, फळा_खडू ताई.

सगळं गोड झालं नाही. न आलेली दोन्ही घरं जूनपासून पोरं इंग्रजी शाळेत घालणार आहेत. पट नऊवर येईल. कृष्णाकाठ, मी त्यांना दोष दिला नाही, घरी जाऊन चहा घेऊन आलो.

अजिंक्यतारा (रविवार, रात्री १०.४०)

अभिनंदन. मी येऊ का? बाईंना चालत असेल तर आठवड्यातले दोन दिवस पहिली-दुसरीच्या पोरांबरोबर बसेन. माझ्याकडं काड्यांचे गठ्ठे आणि रबरं आहेत.

येरळाकाठ (रविवार, रात्री ११.०५)

सर, बाईंना आत्ताच फोन केला, त्या हो म्हणाल्या. बुधवारी या. वडूजहून येणारी एसटी फाट्यावर थांबते, तिथं मी गाडी घेऊन उभा राहतो. चिंचोके आणू नका, शाळेमागं चिंचेची पाच झाडं आहेत. पुस्तकं मिळाली तर आणा, एका पानावर दोन-तीन ओळींची, मोठ्या अक्षरांची. ‘ग’ गिरवणाऱ्या पोराच्या घरात वाचायला कागद नाही. काल त्यानं खताच्या पोत्यावरच्या ‘गंधक’मधला ‘ग’ ओळखला आणि त्याच्या पुढचं अक्षर कुठलं, हे विचारायला माझ्या दारात आला होता.